विदा केंद्रे : ऊर्जावापर व पर्यावरणीय परिणाम

विदा केंद्रे : माहिती साठविणे, तिच्यावर प्रक्रिया करणे व ती इतरत्र पाठविणे यांसाठी असंख्य संगणक जेथे अहोरात्र चालू ठेवले जातात, अशा वास्तू. व्यवहारात यांना ‘डेटा सेंटर’ म्हणतात. नाशिकच्या इंदिरानगरातील रहिवाशाने भ्रमणध्वनीवरून केलेला बँकेचा व्यवहार अशाच केंद्रांतून पार पडतो. मात्र त्यासाठी खर्ची पडणारी वीज व पाणी त्याच्या घरच्या देयकात दिसत नाहीत.

समुद्रतळावरील दूरसंदेशवहन केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येत असल्याने व वित्तसंस्था तेथे एकवटल्याने भारतातील विदा केंद्रांचा मोठा वाटा मुंबई परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे व पनवेल ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या उद्योगाला पायाभूत सुविधांचा दर्जा देण्यात आला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील विदा केंद्रांनी सु. ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण वीजवापराच्या सु. १·५ टक्के वीज वापरली. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे संस्थेचे अनुमान आहे.

ऊर्जावापर : संगणकास दिलेल्या जवळजवळ सर्व विजेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता सतत काढून न घेतल्यास यंत्रे बंद पडतात. केंद्राची एकूण वीज व संगणकांना मिळणारी वीज यांच्या गुणोत्तरावरून केंद्राची कार्यक्षमता ठरवितात. हे गुणोत्तर १·५ असल्यास संगणकांच्या दर दोन युनिटांमागे आणखी एक युनिट शीतनादी कामांत खर्च होते.

पाणी : एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सु. ०·६७ युनिट उष्णता शोषली जाते. त्यामुळे एक मेगावॉट भाराची उष्णता केवळ बाष्पीभवनाने काढावयाची झाल्यास दररोज सु. ३६,००० लिटर पाणी लागेल. कोरड्या हवेत ही पद्धत अधिक परिणामकारक असते. नाशिकच्या उन्हाळ्यात घरगुती कूलर चांगला चालतो, कोकणातील दमट हवेत चालत नाही, त्याचे कारण हेच. परंतु कोरडी हवा असते त्याच महिन्यांत गोदावरी खोऱ्यात पाण्याची टंचाई असते. याउलट पाण्याऐवजी केवळ यांत्रिक शीतनावर भर दिल्यास विजेची मागणी वाढते.

ही वीजही पाण्यावाचून निर्माण होत नाही. महाराष्ट्रातील बरीचशी वीज दगडी कोळशापासून मिळते. नाशिकजवळील एकलहरे येथील २१० मेगावॉटचे तीन संच याच प्रकारचे आहेत. शीतन मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना २०१५ च्या नियमांनी दर युनिटास ३·५ लिटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा घालून दिली. या मर्यादेने हिशेब केल्यास एक मेगावॉट भाराच्या दैनंदिन २४,००० युनिटांसाठी ८४,००० लिटर पाणी वीजकेंद्रातच खर्च होईल. म्हणून केंद्राच्या आवारातील पाणी वाचले, तरी खोऱ्यातील पाणी वाचतेच असे नाही. दर युनिटामागे सु. ०·७ किग्रॅ. ही देशातील सरासरी धरल्यास तेवढ्याच विजेमागे सु. १७ टन कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात मिसळतो.

इतर परिणाम : वीजपुरवठा खंडित झाल्यास केंद्र चालू राहावे म्हणून घटमाला व डीझेल जनित्रे सज्ज ठेवतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई परिसरातील वीज गेली, तेव्हा अशा व्यवस्थेची गरज स्पष्ट झाली. तथापि जनित्रांचा धूर व आवाज यांचा उपद्रव भोवतालच्या वस्तीला होतो. बाद झालेले संगणक व घटमाला यांची विल्हेवाट हाही एक प्रश्न आहे.

उपाय : शुद्धीकरण केलेल्या सांडपाण्याचा वापर, यंत्रांना थेट द्रवाने थंड करणे व खोलीचे तापमान अनावश्यक कमी न ठेवणे हे प्रमुख उपाय आहेत. सौर विजेचा उपयोग होतो; परंतु केंद्र रात्रीही चालत असल्याने घाटघरच्या उदंचन जलविद्युत् प्रकल्पासारख्या साठवणीची जोड आवश्यक ठरते. कार्यक्षमतेचे गुणोत्तर सुधारले, तरी केंद्रांची संख्या वाढत गेल्यास एकूण वापर वाढतच राहतो. यास्तव नव्या केंद्रास परवानगी देताना आवारातील व वीजकेंद्रातील अशा दोन्ही पाण्याचा एकत्र हिशेब मांडणे इष्ट ठरते. विशेषतः शेती, शहरे व उद्योग यांच्यात पाण्याची वाटणी आधीच वादाची झालेल्या गोदावरीसारख्या खोऱ्यांत त्याची निकड अधिक आहे.