घरच्या कुत्र्याचे आयुष्यभराचे शिक्षण

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर महामार्गालगत वसलेले बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातील गाव. नाचणीच्या या पट्ट्यात आधी औद्योगिक वसाहत आली, मागोमाग कामगारांच्या चाळी आल्या आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन होऊन त्याचे टोक येथे पोहोचले. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. शेत राखण्यासाठी पिल्लू म्हणून आणलेल्या कुत्र्याच्या म्हातारपणी, अशा गावात त्याच्या दारावरून दिवसभर अनोळखी माणसे, दुचाक्या आणि घरपोच सामान देणारी मुले ये-जा करतात. परक्यावर भुंकल्याबद्दल काल ज्याची पाठ थोपटली गेली, त्यालाच आज त्याबद्दल काठी बसते. कुत्रा बिघडला, असे घरचे म्हणतात. परिसर बदलला तरी त्याला नवे काही शिकविले गेले नाही, ही खरी अडचण होय. पुणे, नाशिक वा कोल्हापूरच्या वेशीवरील गावांतही हेच घडते.

वयाच्या सुमारे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसे, मुले, जनावरे आणि वाहनांचे आवाज यांची सहज सवय लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढच्या टप्प्याकडे मात्र दुर्लक्ष होते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठ महिन्यांच्या सुमारास कुत्री स्वतःच्या पालकाची आज्ञा अधिक टाळतात, परक्याची मात्र ऐकतात, असे आढळले. हा वयात येण्याचा काळ असून तो सरतो. नेमक्या याच वेळी कंटाळून कुत्र्याला कायमचे साखळीला बांधले जाते. बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, हा समज फसवा आहे. दिवसभर जखडलेले जनावर चिडखोर होते आणि चोर व पाहुणा यांत भेद करीत नाही.

म्हातारा कुत्रा शिकत नाही, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. व्हिएन्ना येथे पाच महिने ते तेरा वर्षे वयाच्या ९५ बॉर्डर कॉली कुत्र्यांना पडद्यावरील चित्रांतून योग्य चित्र निवडण्यास शिकविण्यात आले. वयस्क कुत्र्यांना शिकण्यास अधिक वेळ लागला, हे खरे. परंतु एक पर्याय वगळून दुसरा ओळखण्यात ती तरुणांपेक्षा सरस ठरली आणि सहा महिन्यांनंतर घेतलेल्या चाचणीत शिकलेले लक्षात ठेवण्यात वयामुळे फरक दिसला नाही.

विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत मोठे मोल रेबीज लसीकरणात आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस देणे सोपे असते. अडचण पुढील वार्षिक मात्रेला येते, कारण मोठा झालेला कुत्रा कोणाला हात लावू देत नाही आणि शिबिरातून लस न घेताच परत जातो. रोज दोन मिनिटे पंजे, कान आणि तोंड हाताळून त्यानंतर भाकरीचा तुकडा द्यावा. मुसके घालण्याची सवयही अशीच, सुरुवातीला त्यातच खाऊ ठेवून, हळूहळू लावावी. ही सवय एकदा लावून भागत नाही. वर्षभर कोणी हाताळले नाही तर ती मोडते.

सैन्यातील श्वान सेवेत असेपर्यंत सराव करतात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या जातीची कुत्री २०१६ मध्ये मेरठच्या सैनिकी केंद्रात प्रशिक्षणासाठी घेण्यात आली. हलणाऱ्या वस्तूमागे झेपावणे हा या शिकारी जातीचा स्वभाव. महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्याचीही तीच तऱ्हा असल्याने, ते पाळणाऱ्यांनी हाक मारताच परत येण्याचा सराव कधीही सोडू नये. एकदा ससा दिसला की उशीर झालेला असतो.

घरात सर्वांचा शब्द एकच असावा. आजोबा कन्नडमध्ये ‘बा’ म्हणतात, सून ‘ये’ म्हणते आणि नातू ‘कम’ म्हणतो. अशा घरात कुत्रा ऐकत नाही, यात नवल ते काय? प्रत्येक शब्दासोबत हाताची ठरावीक खूणही तरुणपणीच शिकवावी. वयोमानाने कुत्र्याला कमी ऐकू येऊ लागते, तेव्हा तीच खूण कामी येते. उतारवयात एकाएकी आज्ञा न मानणाऱ्या वा गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा करण्यापूर्वी पशुवैद्यकाला दाखवावे. दात, सांधे किंवा कान दुखत असण्याचा संभव अधिक असतो.