पेन्सिलीच्या आधी बोटं: सुट्टीत लहान लेकरांकडून काय करून घ्यायचं



एप्रिल संपत आला. मोठ्या पोरांच्या परीक्षा झाल्या, आता १ मेला निकाल. अंगणवाडीतल्या लेकरांना ना परीक्षा ना निकाल, पण त्यांच्या आयांच्या पोटात गोळा मात्र आहेच. ग्रामसंघाच्या बैठकीत हप्त्याचा विषय संपला की कोणीतरी विचारतंच, "ताई, जूनमध्ये पहिलीत घालायचंय, पण अजून याला अ आ ई लिहिता येत नाही. कसं होणार?" मग सुट्टीभर त्याला पाटी घेऊन बसवायचं, हात धरून गिरवून घ्यायचं, नाही जमलं की एक धपाटा, असं सुरू होतं. म्हणून या अंकात याच प्रश्नावर लिहिते आहे.

तुम्हाला पहिल्या दिवशी भाकरी थापता आली होती का? आधी पिठात नुसतं खेळून झालं असेल, मग आईने चिमणीएवढा गोळा हातात दिला असेल, मग कधीतरी वेडीवाकडी, कडेला फाटलेली भाकरी झाली असेल. तळव्याला जोर आला, बोटांना गोल फिरायची सवय लागली आणि मग भाकरी जमली. लिहिण्याचंही तसंच आहे. पेन्सिल अंगठा आणि दोन बोटांत धरावी लागते, आणि त्यासाठी बोटांच्या बारीक स्नायूंत ताकद लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ती अजून पुरती आलेली नसते. मग ते पेन्सिल मुठीत धरतं, दाबून लिहितं, दोन ओळींत हात दुखतो, आणि आपण म्हणतो कंटाळा करतंय. काही लेकरांच्या मनात पहिलीच्या आधीच लिहिण्याची धास्ती बसते.

ही ताकद पाटीवर बसवून येत नाही. ती मळण्यातून, फाडण्यातून, ओवण्यातून, चिमटीत धरण्यातून येते. म्हणजेच ज्याला शाळेत 'हस्तकला' म्हणतात आणि आपण 'टाइमपास' म्हणतो त्यातून.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्यांची लेकरं दिवाळीनंतर अंगणवाडीत बसलेलीच नसतात. गावात राहिलेल्या मुलांनी तेवढ्या महिन्यांत कागद फाडला, रंग लावला, गाणी म्हटली. ही लेकरं कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत होती. १५ जूनला दोघं एकाच वर्गात बसणार. मधले सहा-सात आठवडे आहेत, आणि ते रिकामे आहेत. तुमच्या गटात अशी एखादी ताई असेल तर तिच्या लेकराला या कामांत आवर्जून बोलवा.

सुरुवात कणकेपासून करा, कारण ती घरात आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, शेवटी थोडं तेल. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. मिठामुळे गोळा लवकर खराब होत नाही, झाकून ठेवला तर काही दिवस चालतो. रंग हवा तर हळद घाला किंवा बीट किसून त्याचं पाणी. बाजारातलं कुंकू किंवा गुलाल घालू नका, त्यात काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं आणि लेकरू बोट तोंडात घालतंच. या गोळ्याचे साप करू द्या, लाडू करू द्या, अंगठ्याने दाबून दिवे करू द्या. अन्न वाया जातं असं एखाद्या सासूबाई म्हणतील. त्यांचंही खरं आहे. तिथे तळ्याकाठची किंवा वारुळाची माती चाळून घ्या. तिची चूल, तवा, जातं, पोळपाट अशी सगळी भातुकली होते, आणि सासूबाईंनाच शिकवायला बसवा. त्यांना आपल्यापेक्षा छान येते.

कणीक-माती तीन वर्षांच्या लेकरालाही जमते. त्यापुढचं काम कागदाचं. सध्या लग्नसराई आहे, घरोघरी पत्रिकांचा ढीग पडलाय. पत्रिकेइतका चांगला कागद विकतही मिळत नाही: जाड, रंगीत, सोनेरी कडेचा. गणपतीचं किंवा देवाचं चित्र असेल तर तेवढं आधी कापून बाजूला ठेवा, म्हणजे घरात कोणाचं मन दुखावणार नाही. बाकीचा कागद लेकरांच्या हवाली करा. लहान असेल तर नुसता फाडू द्या. फाडायला दोन्ही हातांची बोटं उलट्या दिशेला ओढावी लागतात, मोठी कसरत असते ती. तुकडे झाले की एका पुठ्ठ्यावर आंबा किंवा कोंबडा काढून द्या आणि त्यात चिकटवू द्या.

चिकटवायला खळ घरीच करा. दोन चमचे मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवली की झाली. पूर्वी खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद टाकायचे. लेकरांच्या खळीत ते अजिबात टाकू नका, विष आहे. खळ रोज ताजी करा आणि उरलेली टाकून द्या.

साधारण चार वर्षांचं मूल सरळ रेघेवर कात्री चालवू शकतं, पाच वर्षांचं गोलावर प्रयत्न करतं. कात्री बोथट टोकाची हवी आणि मोठं माणूस शेजारी हवं. ब्लाउजची कात्री देऊ नका. लेकरू कापेल ही एक भीती, कात्री खराब होईल ही दुसरी.

आता वर्ष संपतंय म्हणून खास करायचं एक काम सांगते. मोठ्या भावंडांच्या वह्या आता रद्दीत जाणार. प्रत्येक वहीत मागची काही पानं कोरी असतात. वहीच्या मधल्या पिना काढा (काढलेल्या पिना लगेच डबीत टाका) आणि कोरी जोडपानं वेगळी करा. आठ-दहा जोडपानं एकात एक घातली की झाली नवी वही. वरून जुन्या कॅलेंडरचं जाड पान घाला. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा: एक मधे, एक वर, एक खाली. हे तुम्हीच करायचं. पुढचं ओवणं लेकराचं. जाड दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर घासून कडक करा, म्हणजे सुई लागत नाही. दोरा बाहेरून मधल्या भोकात आत, आतून वरच्या भोकातून बाहेर, बाहेरूनच खाली नेऊन खालच्या भोकात आत, आणि आतून परत मधल्या भोकातून बाहेर. दोन्ही टोकं मधे येतात, तिथे गाठ मारा. पहिलीला जाणाऱ्या लेकराने स्वतः शिवलेली वही दप्तरात घेऊन जाणं ही काय गोष्ट असते ते जूनमध्ये बघाच. वर्षभराच्या कच्च्या वह्यांचा खर्चही थोडा वाचतो.

दुसरं काम अंगणवाडी ताईंना द्यायच्या निरोपाच्या कार्डाचं. याला मी जादूचं कार्ड म्हणते. एक चमचा हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर बोटांनी सारवायची आणि कागद सावलीत वाळवायचा. मग कपड्याच्या साबणाचं घट्ट पाणी करायचं, काडीला कापूस गुंडाळायचा आणि त्याने पिवळ्या कागदावर चित्र काढायचं. जिथे साबण लागेल तिथे लाल रेघ उमटते. लेकरं ओरडतात अक्षरशः! तुम्हाला यात नवल वाटणार नाही, कारण पातळावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो हे तुम्ही पाहिलंय. हळदीचा रंग क्षार आणि आंबटावर बदलतो. साबण, सोडा, चुना यांनी लाल होतो, लिंबाने परत पिवळा. हळदीपासून कुंकू बनतं ते यामुळेच. लिंबाचा थेंब टाकून लाल रेघ पुसूनही दाखवा. चुना मात्र लेकरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. साबणानेच काम भागतं.

सुट्टीभर चालणारं एक काम पिंपळाचं आहे. पिंपळाची मोठी, न फाटलेली पानं आणा आणि जुन्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तीन-चार आठवडे लागतात. पाण्याला वास येतो, अधूनमधून बदला, आणि मच्छर होऊ नयेत म्हणून डब्यावर फडकं बांधा. पानाचा गर कुजून सुटला की वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हळूच धुवा. उरते ती नुसती जाळी. मे महिन्यात भिजवलेलं पान शाळेच्या पहिल्या दिवशी वहीवर चिकटवायला तयार होतं. लेकरू रोज डब्यात डोकावतं आणि वाट पाहायला शिकतं, हा वरचा फायदा.

ज्वारीच्या ताटांची बैलगाडी तर तुम्ही सगळ्यांनी केली असेल. कडबा आत्ता घरात आहे. आतला भेंड मऊ असतो, त्यात काड्या खोचून चाकं, जू, बैल सगळं होतं. फक्त ताटाची वरची साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्याने करायचं.

आता बियांबद्दल, कारण इथे खरा धोका आहे. चिंचोके ओवायला, मोजायला, रांगोळीसारखे मांडायला चांगले. पण लाल-काळी गुंज कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. ती चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाची बी, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, धोतऱ्याची बोंडं, ही सगळी विषारी आहेत, आणि आपल्या बांधावर सगळी सापडतात. तीन वर्षांखालचं लेकरू शेजारी असेल तर चिंचोके, हरभरे, मणी काहीच काढू नका. लहान लेकरू ते नाकात घालतं किंवा गिळतं. नाकात काही अडकलंच तर पिन, काडी घालून काढायला जाऊ नका, ते आत सरकतं. थेट दवाखान्यात न्या.

बाजारातल्या चमकीबद्दलही तेच, डोळ्यात जाते. आणि थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून तो विचार डोक्यातून काढून टाका.

एक गोष्ट थोडी स्पष्टच लिहिते, रागावू नका. प्रदर्शनात मांडलेल्या निम्म्या वस्तू आयांनी केलेल्या असतात, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. कडा सरळ, खळ कुठे ओघळलेली नाही, कोंबड्याला बरोबर दोन पाय! ते छान दिसतं, स्टेटसला टाकता येतं, पण त्यात लेकराच्या बोटांनी काय केलं? तीन पायांचा कोंबडा आणलात तरी चालेल. "हा तिसरा पाय कशाला रे?" असं विचारा. उत्तर बहुधा ऐकण्यासारखं असतं, आणि ते सांगताना लेकराची भाषाही चालते.

"हे सगळं शहरातल्या शिकलेल्या बायकांचं," असं कोणी म्हणालं तर तिला ताराबाई मोडकांचं सांगा. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्राकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, पानं, फुलं, बिया हीच साधनं केली. जी आदिवासी लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या पाड्यावर जाऊन अंगणातच वर्ग भरवला. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो तो शब्द त्या अंगणातून आलाय. पुढे ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री.

२०२२ पासून जिल्हा परिषद शाळांत 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. एक मेळावा सुट्टीच्या आधी, दुसरा जूनमध्ये. पहिलीत जाणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या टेबलांवर कागदाची घडी, रंग भरणं, उड्या, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र बघून बोलणं असं करायला देतात आणि मूल कुठे आहे ते कार्डावर नोंदवतात. ती परीक्षा नाही, त्यात कोणी नापास होत नाही. पहिल्या मेळाव्यात जे अडखळलं ते सुट्टीत घरी करून घ्यायचं आणि दुसऱ्या मेळाव्यात परत बघायचं, अशी ती रचना आहे. त्यासाठी गावात मातांचे गट करतात. आपला बचत गट तर आधीच तयार आहे! आठवड्यातून एक दुपार, एका ताईच्या ओसरीवर, पाच-सहा लेकरं आणि दोन आया, एवढंच लागतं. बाकीच्या ताई तेवढ्यात आपलं काम उरकतील, पुढच्या आठवड्यात पाळी बदलेल. रोजंदारीवर जाणाऱ्या ताईंची पाळी त्यांना विचारून संध्याकाळची लावा. घरातल्या बाबा लोकांनाही एक पाळी द्या, बैलगाडी त्यांना जास्त चांगली जमते.

मे महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढं आणा: पाच जुन्या लग्नपत्रिका, घरातल्या वह्यांची कोरी पानं, एक जुनं कॅलेंडर, मूठभर चिंचोके. दाभण आणि दोरा मी आणते. पहिलीत जाणाऱ्या लेकरांना सोबत घेऊन या, आणि तोडीवरून आलेल्या घरांत निरोप द्यायचं काम गटाच्या सचिव ताईंनी करायचं आहे. बैठक नेहमीच्याच वेळी आहे, पण लेकरं असल्यामुळे हिशोब आधी उरकून घेऊ.