मुलांना ‘नाही’ कोण म्हणणार? घर, शाळा आणि गावाचं एकमत का लागतं

खातेगांव : शाळेत पालकसभा असली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. सर म्हणतात, “घरी तुम्ही डोक्यावर बसवून ठेवलंय, आणि आम्हाला आता हातही उचलता येत नाही.” पालक म्हणतात, “आमच्या वेळेला मास्तरांचा धाक होता, आता शिस्तच राहिली नाही.” सभा संपते, चहा होतो, सगळे घरी जातात. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो सातवीतला मुलगा मात्र बाहेर मजेत असतो. घर आणि शाळा एकमेकांकडे बोट दाखवताहेत तोवर आपल्याला मोकळं रान आहे, हे त्याला मोठ्यांच्या आधी कळलेलं असतं.

हात उचलता येत नाही हे खरं आहे, आणि ते बरंच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. लोकांना यातला पहिला भाग माहीत असतो, दुसरा नसतो. मुर्गा बनवणं, अंगठे धरून उभं करणं, उन्हात ठेवणं हे तर बंदच. पण वर्गात सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणं, घरच्या गरिबीवरून किंवा जातीवरून बोलणं, हेही त्याच कलमात बसतं. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होण्याआधी मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे ‘टीसी हातात देईन’ ही धमकी त्या वर्गांपुरती पोकळच आहे, आणि पोकळ धमकी मुलं फार लवकर ओळखतात.

अडचण वेगळीच आहे. काय करायचं नाही हे कायद्याने सांगितलं. छडी गेल्यावर तिच्या जागी काय ठेवायचं, हे मात्र शिक्षकांना आणि पालकांना कुणी नीट बसून सांगितलं नाही. मग काही वर्गांत छडीऐवजी आरडाओरडा आला, काही वर्गांत ‘जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय’ आलं. घरीही तेच. एक तर पट्टा निघतो, नाही तर रडणं थांबावं म्हणून मोबाईल हातात दिला जातो.

अमेरिकेतल्या बर्कले इथल्या डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मुलं वाढवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. नुसता हुकूम चालवणारे आईबाप, सगळं चालू देणारे आईबाप, आणि माया करूनही नियमावर ठाम राहणारे आईबाप असे प्रकार त्यांनी मांडले. तिसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं जास्त जबाबदार आणि स्वतःच्या पायावर उभी राहणारी दिसली. आपल्याकडे गंमत अशी, की हे दोन गुण बऱ्याच घरांत दोन माणसांना वाटून दिलेले असतात. बाबा ठाम आणि आज्जी मायाळू. मूल हुकूम बाबांकडून ऐकतं आणि सूट आज्जीकडून घेऊन येतं. त्यात दोघांचंही मन मोडत नाही, नियम तेवढा मोडतो.

हा विचार बाहेरूनच आला असं नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे गुजराती पुस्तक म्हणजे एका प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची गोष्ट आहे. धारशी नातं असलेले गांधीवादी काशिनाथ त्रिवेदी यांनी गिजुभाईंचं साहित्य हिंदीत आणलं, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या शिक्षकांना हे नाव परकं नाही. त्या गोष्टीतला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने वर्गात जातो आणि मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो. मुलं खेळ बाजूला ठेवून असा गोंधळ घालतात की शेवटी त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. ज्यांना वाटतं ‘छडी टाकली की मुलं आपोआप शहाणी होतात’, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. दुसऱ्या दिवशीही तो छडी घेत नाही. तो गोष्ट सांगायला लागतो. मुलं कान देऊन बसतात, आणि गोष्ट पुढे ऐकायची असेल तर शांत बसावं लागेल हा नियम त्यांना त्यांच्याच फायद्याचा वाटतो. पुढे नखं, केस, कपडे यांची स्वच्छतासुद्धा तो दटावून करून घेत नाही, वर्गातच सोय करून घेतो. मुलाचा नियमाशी काय संबंध आहे हे त्याला आधी दिसायला हवं, एवढी साधी गोष्ट आहे ही. करायला मात्र अवघड.

याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलं ते आपल्या ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये ताराबाईंनी गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांजवळ गेलं. तिथे मुलं शाळेत येत नव्हती. शिस्तीच्या जुन्या हिशोबाने हा मुलांचा आणि आईबापांचा गुन्हा. पण मूल गुरं राखायला जात होतं किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत होतं. मग बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तिला अंगणवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा.

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. वेळेवर इमारतीत येऊन बसायचं, हा नियम कोसबाडला सोडून दिला गेला, कारण त्या मुलांच्या जगण्यात तो बसत नव्हता. शिकायचंच नाही, ही सूट मात्र दिली गेली नाही. कुठली मर्यादा हलवता येते आणि कुठली नाही, हे आधी ठरवलं की भांडणं निम्म्याने कमी होतात. आपल्या बऱ्याच शाळांत याच्या उलट असतं. बुटाचा रंग, केसांची लांबी, वहीचं कव्हर यावर रोज कटकट. आणि जिथे जीव जाऊ शकतो तिथे कुणी तोंड उघडत नाही.

जीव कुठे जाऊ शकतो? खातेगांव आणि कन्नौद ही गावं इंदूर-बैतूल हायवेवर आहेत. नववी-दहावीची मुलं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून क्लासला जातात, हे दृश्य कुठल्याही तहसीलच्या गावात दिसतं. कायद्याप्रमाणे लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीतच नव्हतं हे सिद्ध करता आलं तर पालक सुटू शकतो, पण किल्ली खुंटीवरून स्वतः काढून देणाऱ्याने ते कसं सिद्ध करायचं?

दुसरं, गुटखा आणि तंबाखू. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही. तिसरं, नर्मदा. नेमावरच्या घाटावर अमावस्येला, नर्मदा जयंतीला सगळं गाव लोटतं, आणि मोठी पोरं ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणून घाट सोडून पुढे जातात. या तिन्ही ठिकाणी एकट्या आईच्या ‘नाही’ने भागत नाही. मित्राच्या बाबांनी गाडी दिली, दुकानदाराने पुडी दिली, की तिचं ‘नाही’ उडालं. उलट पाच घरं, शाळा आणि कोपऱ्यावरचा दुकानदार एकच गोष्ट बोलले तर मुलाला घरात तमाशा करण्यात काही फायदा दिसत नाही. ‘सगळ्यांना मिळते, मलाच नाही’ हा त्याचा सगळ्यात मोठा मुद्दा असतो. तो मुद्दाच काढून घ्यायचा.

यासाठी नवी समिती काढायची गरज नाही. सरकारी शाळांत कलम २१ प्रमाणे शाला प्रबंधन समिती असतेच. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य आईबाप किंवा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर हे सगळीकडे असतं. बैठकीत मात्र बहुतेक वेळ माध्यान्ह भोजन, गणवेश आणि सह्या यातच जातो. एक बैठक फक्त यासाठी ठेवावी : आपल्या गावात असे कुठले तीन-चार नियम आहेत जे कुणाच्याच घरी मोडणार नाहीत? तीन-चारच. दहा केले तर दहाही राहणार नाहीत. सहावीच्या पुढची मुलं असतील तर त्यांनाही बसवावं आणि नियम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. खाजगी शाळेत ही समिती नसली तरी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, तो सुविचारांपेक्षा या कामाला आला तर वाईट नाही. व्हॅनवाल्या भैयांना विसरू नका. रोजचा तास-अर्धा तास मुलं त्यांच्याच ताब्यात असतात.

नियम मोडला तर काय? मोडणारच, मूल आहे. तेव्हा भरपाई त्या कृत्याशी जुळलेली असावी. भिंतीवर लिहिलं तर भिंत पुसायची, आणि शक्यतो सरांनीही सोबत फडका हातात घ्यावा. मोबाईल ठरल्या वेळेनंतर सापडला तर दुसऱ्या दिवशी मोबाईल नाही. जेवण बंद किंवा खेळ बंद असला उलटा हिशोब नको. धाकट्याला मारलं तर आधी दोघं शांत होऊ द्यावेत, मग बोलावं. रागाच्या भरात ठरवलेली शिक्षा नेहमी मोठी असते आणि संध्याकाळपर्यंत मागे घ्यावी लागते. आणि एकदा भरपाई झाली की विषय संपला. पुढच्या महिन्यात पाहुण्यांसमोर तोच किस्सा पुन्हा काढणं हीसुद्धा शिक्षाच आहे, फक्त तिला आपण शिक्षा म्हणत नाही.

एक गोष्ट आपल्या मराठी घरांपुरती. होळकर-पवारांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या घरांतही मूल आईला ‘अगं आई, तू’ म्हणतं. तेच मूल शाळेत हिंदी बोलताना मॅडमना चुकून ‘तू’ किंवा ‘तुम’ म्हणून जातं, आणि उद्धट ठरतं. आजूबाजूच्या घरांत आईवडिलांनाही ‘आप’ चालतं, त्यामुळे मॅडमना वाटतं घरचे संस्कारच नाहीत. पहिली-दुसरीच्या मुलाच्या बाबतीत वर्षाच्या सुरुवातीलाच मॅडमना भेटून हे सांगून ठेवलेलं बरं. त्या समजून घेतात, आणि मूलही महिन्याभरात ‘आप’ म्हणायला शिकतं. घरी ‘अगं आई’ राहू द्यावं.

आता आज्जीचं. तिला ‘तुम्ही लाड करून बिघडवता’ म्हटलं तर ती दुखावते आणि गुपचूप जास्त देते. त्यापेक्षा तिलाच विचारावं, “आई, याला रात्री नऊनंतर मोबाईल द्यायचा नाही असं ठरलंय, तेव्हा तो तुमच्याकडे येऊन बसेल. त्याला काय सांगाल?” बहुतेक आज्ज्यांकडे त्या वेळेला सांगायला भरपूर असतं.