कालवडी घेऊन समुद्रापार गेलेले विद्यार्थी

नुकतीच विकत घेतलेली कालवड बाजारांतून घरीं आणावयाची म्हटलें तर चार कोसांच्या वाटेंत ती धन्याचा जीव मेटाकुटीस आणते, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. अशीं सात-आठशें जनावरें एका आगबोटींत भरून अटलांटिक महासागर ओलांडावयाचा, आणि त्यांच्या चाकरीस बरीचशीं कॉलेजांत शिकणारीं पोरें, अशी गोष्ट १९४५ ते १९४७ या काळांत अमेरिकेंत प्रत्यक्ष घडली. लोक त्या मंडळींस ‘दर्यावर्दी गुराखी’ म्हणूं लागले. शेतकऱ्यानें वाचावी अशी ती हकीकत आहे.

तिचें मूळ स्पेनमध्यें आहे. तेथें यादवी युद्ध चालू असतां १९३७ सालीं अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांतील डॅन वेस्ट नांवाचा शेतकरी पोरांना दूध वांटण्याच्या कामावर गेला होता. तो ब्रेदरन नांवाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा. दुधाची भुकटी मोजून देतांना त्याच्या मनांत आलें कीं, पेला आज रिकामा झाला म्हणजे उद्यां पोर पुन्हां दारांत उभें. पेल्याऐवजीं गाय दिली तर? घरीं परतल्यावर त्यानें शेजारच्या शेतकऱ्यांपुढें हा विचार मांडला. शेतकऱ्यांनीं कालवडी पोसावयाच्या, गाभण झाल्या म्हणजे गरजवंतास द्यावयाच्या, आणि घेणाऱ्यानें तिला होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजवंतास द्यावयाची, अशी ती योजना. १९४४ सालीं पहिल्या सतरा कालवडी पोर्टो रिको बेटाकडे रवाना झाल्या.

तिकडे महायुद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या मदतीसाठीं नोव्हेंबर १९४३ मध्यें चव्वेचाळीस राष्ट्रांनीं ‘अन्रा’ नांवाची संस्था स्थापिली होती. हिंदुस्थानचीही तींत सही होती. (त्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं, त्यांच्या वाट्यास या संस्थेची मदत आली नाहीं, हें लिहून ठेवलेलें बरें.) अन्रानें युरोपांत घोडे, खेचरें व गाई पाठविण्याचें ठरविलें, पण बोटीवर त्यांची देखभाल करणारीं माणसें कोठून आणावयाचीं? तेव्हां ब्रेदरन मंडळींशीं करार झाला: माणसें तुम्हीं मिळवून द्यावीं, तुमच्या देणगीच्या कालवडी आम्ही फुकट पोंचवूं.

अशा रीतीनें सुमारें सात हजार माणसें या कामावर गेलीं आणि तीन लाखांच्या आसपास जनावरें समुद्रापार पोंचलीं. यांत शेतकरी होते, शिक्षक होते, पाद्री होते. सोळा वर्षांचे मुलगेही होते. उन्हाळ्याच्या सुटींत विद्यार्थ्यांची भरती विशेष होई. एका खेपेस दीडशें डॉलर मिळत. मग ही सेवा कीं मजुरी, असा प्रश्न कोणी करील. पुढील वर्णन वाचून ज्यानें त्यानें तें ठरवावें.

घोड्यांचीं ठाणें मुद्दाम अरुंद असत. घोडा उभ्याउभ्या झोंप घेऊं शकतो, आणि डोलत्या बोटींत तो एकदां खालीं पडला तर त्यास उठविणें महाकठीण, म्हणून सारा प्रवास त्यानें उभ्यानेंच करावयाचा. पश्चिमेकडून आणलेले कित्येक घोडे धड माणसाळलेले नव्हते. चावा घेत, लाथ झाडीत. अशा दोन रांगांमधल्या अरुंद वाटेनें पाण्याच्या बादल्या आणि वाळल्या गवताचे भारे घेऊन दिवसांतून अनेक वेळां जावयाचें. एका माणसाकडे पंचवीसएक जनावरें. पहिले कांहीं दिवस पोरांना स्वतःलाच बोट लागलेली. पण जनावर तहानलेलें आहे, तें थांबत नाहीं. खालच्या मजल्यावरील लिदीचा वास, वाऱ्याची कोंडी, त्यांतच एखादें जनावर तापानें आजारी. मेलें म्हणजे त्यास यारीनें वर ओढून समुद्रांत लोटावयाचें. वादळांत अशीं मरणें वाढत. कालवडींच्या बोटीवर त्या वाटेंतच व्यात. मग धार काढावी लागे, आणि कधीं आंचळास हात न लावलेला शहरी विद्यार्थी तेथें शिकून तयार होई.

पोलंडकडे जाणाऱ्या बोटी ग्दान्स्क बंदरास लागत. बाल्टिक समुद्रांत युद्धांतले सुरुंग अजून तरंगत होते. शहराचा जुना भाग जवळजवळ सबंध पडलेला. पोलंडचे निम्म्याहून अधिक घोडे व गुरें युद्धांत गेलीं होतीं. जमीन होती, नांगरास जनावर नव्हतें. तेथें सिगारेट हेंच नाणें झालें होतें, आणि आमच्या या सेवकांपैकीं कांहींनीं सिगारेटींचा व्यापारही केला. तो त्यांस शोभला नाहीं असें माझें मत आहे. तथापि सगळेच तसे नव्हते, आणि पडक्या घरांतून येणारीं अनवाणी पोरें पाहून आपली शिदोरी त्यांस देणारेही पुष्कळ होते.

मीं सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत घालविली. तगाईची वही माझ्याकडे कांहीं वर्षें होती. एका कुणब्यानें तगाईवर घेतलेला बैल वर्षाच्या आंत दगावला. हप्ते मात्र तसेच राहिले, आणि सक्तीच्या वसुलीची नोटीस माझ्याच अक्षरांत त्याच्या दारीं गेली. त्यामुळें डॅन वेस्टच्या अटीकडे मी कारकुनाच्या नजरेनें पुन्हांपुन्हां पाहिलें. यांत फेड आहे, पण ती पैशाची नाहीं. जनावराची फेड जनावरानें. आणि ती देणाऱ्याकडे परत जात नाहीं, पुढच्या घरीं जाते. घेणारा त्या दिवशीं स्वतः दाता होतो. त्याची मान खालीं जात नाहीं. आपल्याकडे निम्म्या वाट्यानें जनावर पोसावयास देतात, त्यांत मालकाचा वाटा मालकाकडेच येतो. हा व्यवहार त्याहून निराळा आहे.

अन्राच्या बोटी १९४७ मध्यें बंद पडल्या. कालवडींची योजना मात्र चालू राहिली. तिची संस्था आज ‘हेफर इंटरनॅशनल’ या नांवानें अमेरिकेंतील लिटल रॉक शहरांतून काम करते, आणि मिळालेल्या जनावराचें पहिलें पिलूं पुढें देण्याचा प्रघात तिनें सोडलेला नाहीं. विद्यार्थ्यांपैकीं बहुतेक आपापल्या कॉलेजांत परतले. कांहींनीं दुसऱ्या खेपेसाठीं पुन्हां नांव नोंदविलें.