कचेरी गेली, बोरी राहिली

घरातल्या जुन्या पेटीत निजामाच्या काळचा एखादा कागद असेल तर काढून बघा. त्यावर 'जिल्हा नळदुर्ग' असे दिसले तर चक्रावू नका, ती कारकुनाची चूक नव्हे. आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्वी नळदुर्गच होते. पुढे कचेरी धाराशिवला गेली, १९०४ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये धाराशिव. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून जुनी दप्तरे चाळली गेली. तलाठी-ग्रामसेवक मंडळींनीही हे ध्यानात ठेवलेले बरे.

आज तुळजापूर तालुक्यात असलेल्या या गावाला एवढा मान कशामुळे होता? रस्ता आणि नदी, दोन्ही एकाच ठिकाणी! सोलापूरहून हैदराबादला जायचे तर बोरी नदी ओलांडावी लागते, ती नळदुर्गला. १८५३ च्या तहात निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा मेडोज टेलर साहेब इथूनच कारभार पाहत. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हाही पहिली झुंज इथेच झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती आला, म्हणून रणगाडे त्याच दिवशी उमरग्यापर्यंत पोहोचले. या लढाईत हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले.

पण शेतकरी बंधूंनो, किल्ल्यात गेलात तर नुसते बुरूज मोजून परत येऊ नका. जरा खाली उतरून बंधारा बघा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ला आणि समोरचे रणमंडळ यांच्यामध्ये बोरीला दगडी भिंत घालून पाणी अडवले. भिंतीच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे भिंतीवरून कोसळतात, आत बसलेला माणूस मात्र कोरडा! सिमेंटचे नावही नव्हते तेव्हाचे हे काम चारशे वर्षे पुराचे पाणी सोसत उभे आहे. आपल्या शिवारातले बंधारे किती पावसाळे टिकतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरले की धबधबे सुरू होतात. नळदुर्ग-तुळजापूरसारख्या गावांचे प्यायचे पाणी आणि शेतीचे पाणी, दोन्हींचा भार याच धरणावर. पाऊस कमी झाला की ओढाताण आलीच.

इथे जवळच्याच एका रिवाजाची आठवण होते. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्तीही एकच. देव सुमारे सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. देव न्यायचा-आणायचा तो दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार करूनच. दरसाल कागद होतो आणि दरसाल तो पाळला जातो.

कचेऱ्या येतात, जातात. जिल्ह्याची नावेही बदलतात. बोरी मात्र तिथेच आहे. देव वाटून घेताना जो समजूतदारपणा दाखवतो, तोच पाणी वाटून घेताना दाखवला, तर टंचाईच्या सालीही भांडण चावडीपर्यंत येणार नाही. एवढे आपल्या हातात आहे, नाही का?