तवा कशाचा?

भोसरीजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी आम्ही गेलो होतो. विषय होता ‘स्वयंपाकघरातील धातू’. मुलांना घरून एकेक भांडे आणायला सांगितले होते. टेबलावर जर्मनची पातेली, स्टीलचे डबे, आजीच्या वेळचे एक पितळी पातेले, दोन-तीन नॉनस्टिक तवे अशी गर्दी झाली होती. शेवटी नववीतल्या एका मुलीने पिशवीतून राखी रंगाचा, चांगला गोल कापलेला, कडेला सफाईने वळवलेला एक तवा काढला.

“बाई, हा पप्पांनी केलाय. ते चाकणला प्रेसशॉपमध्ये आहेत. उरलेल्या पत्र्याचा आहे. आईने विचारून यायला सांगितलंय, वापरू का म्हणून.”

बाई आमच्याकडे पाहू लागल्या. शेजारी उभे असलेले एक शिक्षक म्हणाले, “गाडीचा पत्रा म्हणजे पक्का माल. गाडी पंधरा वर्षे ऊनपावसात टिकते, मग तवा का टिकू नये?”

प्रश्न मुळीच हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरीचा आणि पुढे चाकणचा सारा परिसर धातूवरच उभा राहिला. कोणी फाउंड्रीत बीड ओततो, कोणी प्रेसवर पत्रा दाबतो, कोणी लेथवर कातकाम करतो. घरोघरी धातू ‘ओळखणारा’ माणूस आहे. परंतु गाडीसाठी चांगला धातू निवडताना जे प्रश्न विचारतात ते वेगळे, आणि आमटीसाठी विचारायचे ते वेगळे. पत्रा गंजतो का, वाकतो का, रंग धरतो का, हे कारखाना पाहतो. त्याच्यावर चिंचेचा कोळ उकळला तर काय होईल, हे कारखान्याने पाहण्याचे कारणच नाही.

आम्ही त्या तव्याचा एक कोपरा कानशीने घासला. वरचा राखी थर गेला आणि खालचे लोखंड चकाकू लागले. मग घासलेल्या आणि न घासलेल्या अशा दोन जागांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब सोडला. लोखंडावर बुडबुडे सावकाश येत होते. राखी भागावर मात्र थेंब खदखदू लागला आणि थोड्या वेळाने थंडावला. वर्गातल्या मुलांनीच उत्तर दिले : वर जस्ताचा थर असला पाहिजे. गाडीच्या बाहेरच्या अंगाचा पत्रा गंजू नये म्हणून त्यावर पुष्कळदा जस्त चढवलेले असते. ते लोखंडाआधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. गाडीसाठी हा उत्तम गुण, पण स्वयंपाकात हाच दोष. आंबट पदार्थात जस्त सहज विरघळते आणि असे अन्न पोटात गेले की मळमळ, उलट्या होतात. शिवाय अशा काही पत्र्यांवर क्रोमियमच्या संयुगांचाही हात दिलेला असतो. म्हणून बाईंनी त्या मुलीच्या आईला निरोप पाठवला, की या तव्यावर पोळीसुद्धा भाजू नका.

मग वापरायचे काय? विचार उष्णतेपासून सुरू करू या.

एक सोपा प्रयोग आहे. तव्यात किंवा पातेल्यात मैद्याचा अगदी पातळ, सारखा थर पसरा आणि मंद आचेवर ठेवा. मैदा कोठे आधी तांबूस होतो ते पाहा. पातळ स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या ज्योतींचे तांबूस कडे उमटते आणि बाकीचा मैदा पांढराच राहतो. जाड ॲल्युमिनियममध्ये सगळा मैदा जवळजवळ एकदमच रंग बदलतो. खीर स्टीलच्या पातेल्यात का लागते, हे मुलांना पुन्हा सांगावे लागत नाही.

कारण आकड्यांत पाहू. उष्णता वाहून नेण्याची क्षमता ठरावीक एककात तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३५, पितळेची ११०, लोखंडाची व बिडाची ५० च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलची अवघी १५-१६. पण क्षमता एवढेच पुरत नाही, जाडीही हवी. बुडातून उष्णता आडवी किती पसरेल ते या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. तीन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा गुणाकार सातशेच्या घरात जातो, तेवढ्याच जाड लोखंडाचा दीडशे होतो आणि पाऊण मिलिमीटरच्या स्टीलचा फक्त बारा! ज्या स्टीलच्या भांड्याच्या बुडाला तांब्याचा नुसता मुलामा असतो, त्याची गंमतही यातून कळते. तो मुलामा मिलिमीटरचा पन्नासावा भाग धरला तर त्याचा गुणाकार आठ. बूड तांबडे दिसते, उष्णता मात्र पसरत नाही. याउलट बुडात तीन-चार मिलिमीटर ॲल्युमिनियमची चकती दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये दाबून बसवलेली असेल तर ते भांडे खरोखर चांगले असते.

तव्याची जाडी मोजण्यासाठी कॅलिपर नसला तरी चालते. तवा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. २५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. तवा १२०० ग्रॅम भरला, लोखंडाची घनता ७.८ धरली, तर जाडी तीन मिलिमीटरहून किंचित जास्त येते. (मूठ असेल तर तिचे वजन वजा करायला विसरू नये, आमच्या एका गटाने ते विसरून पाच मिलिमीटर जाडी काढली होती.) पोळी-भाकरीसाठी तीन मिलिमीटर पुष्कळ झाले. याहून पातळ तवा तापतो लवकर, पण गार भाकरी टाकताच थंडही पडतो.

लोखंडाबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण येथे प्रश्न केवळ भाकरीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या वर्गातल्या मुली याच वयात पाऊल टाकत असतात. रक्तक्षयाची कारणे अनेक, पण लोहाची कमतरता हे त्यांतले एक मोठे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोमॅटोचा रस्सा लोखंडी भांड्यात शिजवल्यावर त्यातील लोह १०० ग्रॅममागे ०.६ मिलिग्रॅमवरून सुमारे ५.८ मिलिग्रॅमवर गेले. पुढे इथिओपियात काही कुटुंबांना लोखंडी आणि काहींना ॲल्युमिनियमची भांडी देऊन वर्षभर मुलांचे रक्त तपासले गेले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लोखंडी भांड्यांच्या घरांतील मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले, तर दुसऱ्या गटात ०.४ ग्रॅमने.

म्हणजे पालेभाजी, पिठले, उसळ लोखंडी कढईत करण्याची जुनी रीत निराधार नव्हती. भाजी उतरवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते आणि चवही लोखंडी होते. चहा किंवा चिंच लोखंडाच्या संपर्कात काळी का पडते? त्यांतील टॅनिन व लोह यांचे काळे संयुग बनते. ते विषारी नाही, पण त्यात अडकलेले लोह शरीराला फारसे मिळत नाही. म्हणून जेवणावर लगेच चहा नको, लिंबू मात्र जरूर पिळावे. दोन गोष्टी येथे स्पष्ट केल्या पाहिजेत. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कढई आणली म्हणून थांबवू नयेत. आणि ज्या घरात थॅलॅसेमियाचा रुग्ण आहे, तेथे त्याचे अन्न लोखंडी भांड्यात करू नये, त्याच्या शरीरात लोह आधीच जास्त साठत असते.

लोखंडाला घरोघरी नाके मुरडतात ती गंजामुळे आणि पहिल्या चार पोळ्या चिकटतात म्हणून. नवा तवा विकताना गंज न चढावा म्हणून त्यावर तेल किंवा काळा रंग फासलेला असतो. तो आधी घासून पूर्ण काढावा. मग तवा तापवून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, धूर येऊ लागेपर्यंत तापवावा, गार होऊ द्यावा. हे चार-पाच वेळा करावे. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचा कडक, काळा थर बनतो. तो थर म्हणजेच आपले घरगुती ‘नॉनस्टिक’. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची युक्ती याचसाठी, आणि चाकणच्या बाजारात कांद्याला तोटा नाही! घासून झाल्यावर तवा कोरडा करून ठेवला की झाले. बिडाचा तवा मात्र हातातून पडू देऊ नये. त्यातल्या जास्त कार्बनमुळे तो ठिसूळ असतो व तडकतो.

आता जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. स्वस्त, हलके, उष्णता पसरवण्यात उत्तम. त्याच्यामुळे स्मृतिभ्रंश होतो अशी भीती अनेकांना वाटते. १९६० नंतरच्या काही संशोधनातून ही शंका निघाली, पण भांड्यांचा असा संबंध आजवर सिद्ध झालेला नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. ५० किलोच्या माणसासाठी ती १०० मिलिग्रॅम होते. भात शिजवणे, दूध तापवणे यांत आपण तिच्या जवळपासही जात नाही. टोमॅटो, ताक, चिंच, कोकम मात्र त्यात शिजवू नये आणि ठेवू तर नयेच. त्यावरचा ऑक्साइडचा संरक्षक थर आम्ल आणि अल्कली दोहोंत विरघळतो. जुन्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी तापवून पाहा, हायड्रोजनचे बुडबुडे दिसतील.

खरी काळजी निराळी आहे, ती शिशाची. भंगारातले ॲल्युमिनियम वितळवताना त्यात इंजिनाचे तुकडे, रेडिएटर, डाख लावलेल्या तारा असे काहीही येते. गाडीच्या सुट्या भागांच्या मिश्रधातूत तांबे-जस्त मुद्दाम घातलेले असते आणि थोडे शिसे चालवूनही घेतात. ॲल्युमिनियममध्ये शिसे विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपाने अडकून राहते आणि आंबट अन्नात उतरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या आणि हिंदालियम नावाने विकल्या जाणाऱ्या काही आयात भांड्यांतून शिसे उतरते असा जाहीर इशारा दिला. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच ठरलेली नाही. डोळ्यांना, चुंबकाला, वासाला ते कळत नाही. म्हणून खरेदीतच सावध राहायचे : आठवडे बाजारातली कोठे ओतली हे ठाऊक नसलेली खडबडीत ओतीव कढई घेऊ नये. पत्रा दाबून केलेले, आयएसआय खूण व परवाना क्रमांक असलेले भांडे घ्यावे. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर तपासता येतो. कल्हईलाही हेच लागू. पितळेच्या भांड्यात आमटी कळकू नये म्हणून कथलाचा थर देतात, पण कथलात शिसे मिसळले तर रोग बरा, औषध वाईट. म्हणून कल्हई ओळखीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

स्टीलबाबत आमचीच एक चूक कबूल करतो. ‘चुंबक चिकटला तर स्टील नकली’ असे आम्हीही वर्गात सांगत आलो. ते बरोबर नाही. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या उत्तम स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. आणि निकेल नसलेल्या पण स्वयंपाकाला योग्य अशा एका प्रकाराला तो घट्ट चिकटतो. चांगल्या पातेल्याच्या वळवलेल्या काठालाही कधी कधी चुंबक हलकासा ओढ घेतो, कारण दाबताना तेथील स्फटिकरचना बदलते. चुंबकाने एवढेच कळते, की भांडे इंडक्शनच्या शेगडीवर चालेल की नाही. आंबट आमटी, सांबार, ताकाची कढी यांसाठी स्टीलच घ्यावे. मीठ मात्र पाणी उकळल्यावर घालावे. बुडाशी न विरघळता बसलेले खडे तेथे बारीक खड्डे पाडतात.

नॉनस्टिकवर आम्ही फार लिहीत नाही. त्यावरचे टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत निरुपद्रवी असते. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत त्यापलीकडे जातो आणि फार तापला तर निघणारी वाफ फुप्फुसांना त्रास देते. पिंजऱ्यातले पक्षी तर तिने मरतात. एका खोलीच्या बिऱ्हाडात, जेथे शेगडीशेजारीच मुले झोपतात, तेथे पोळीच्या तव्यासाठी ते नकोच. वर्षा-दोन वर्षांत थर उडतो, मग पुन्हा खर्च.

नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्याला आम्ही सांगतो ते इतकेच : तीन मिलिमीटरचा लोखंडी तवा, एक लोखंडी कढई आणि जाड बुडाचे एक स्टीलचे पातेले. लोखंडाच्या दोन वस्तू पुढच्या पिढीला देता येतात.

त्या मुलीचा तवा प्रदर्शनात ठेवला होता, कानशीने घासलेल्या कोपऱ्यासह. पाहायला तिचे वडील पहिली पाळी संपवून गणवेशातच आले. त्यांनी थेंबाचा प्रयोग दोनदा करून घेतला आणि मग विचारले, “बिनजस्ताचा तीन एमएमचा पत्रा विकत घेऊन केला तर?” साधे, गुळगुळीत, बिनमुलाम्याचे लोखंड असेल तर चालेल, असे आम्ही सांगितले. तेल-ग्रीस मात्र जाळून व घासून काढायला हवे. तो नवा तवा त्यांनी केला. पहिल्या पोळ्या चिकटल्या, असा निरोप मुलीने आणला.