शब्द एक, तोंडे दोन

लोखंडी दारे-खिडक्या करणाऱ्या कारखान्याच्या पाटीवर ‘फॅब्रिकेशन’ हा शब्द अभिमानाने मिरवतो. न्यायालयात मात्र तोच शब्द कानी पडला, की खोटा पुरावा रचल्याचा आरोप समजावा. असे का?

लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे कारागीर आणि ‘फाब्रिका’ म्हणजे त्याची कर्मशाळा. ‘फॅब्रिकेट’ हे इंग्रजी क्रियापद या घराण्यातले. लोहाराच्या भट्टीशी नाते सांगणारे ‘फोर्ज’ हे त्याचेच भावंड. जुन्या फ्रेंचच्या वाटेने येताना ते झिजले, इतकेच. तापल्या लोखंडाला आकार देणाऱ्या या शब्दाला खोटा दस्तऐवज करण्याचा अर्थ चौदाव्या शतकातच चिकटला. ‘फॅब्रिकेट’लाही तो डाग पुढे लागला.

आपण इंग्रजीला हसू नये. मराठीत ‘बनावट’ म्हणजे घडण, आणि ‘बनावट’ म्हणजे नकलीही. काव्य रचतात, तसे कुभांडही रचतात. कारण उघड आहे : ज्या हाताला अस्सल साधते, त्यालाच हुबेहूब नक्कलही साधते. कसब एकच, हेतू तेवढा निराळा.

‘घडवणे’ या आपल्या क्रियापदाला मात्र नकलीपणाचा डाग अद्याप लागलेला नाही. दागिना, मूर्ती आणि मुले आपण घडवतो. तेवढा शब्द तरी जपू या.